नाशिकची ओळख आणि दोन मार्च

प्रत्येक गावास आपल्या नावाबरोबर आणखी दोनचार थोर नावे जोडून घेण्याची हौस असते, आणि ती हौस गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. कोल्हापूर म्हटले की शाहू छत्रपतींचे नाव ओघानेच येते. रत्नागिरीस गेलेला मनुष्य टिळकांचे जन्मघर पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. पंढरपूर तर विठोबावाचून उच्चारताच येत नाही. या बाबतीत आमच्या नाशिकचा संग्रह कोणाही शहरास हेवा वाटावा असा आहे. गोदावरी व पंचवटी ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव. तिच्यात गेल्या दोन शतकांनी पुष्कळ भर घातली. जिल्ह्यातील निफाडास १८४२ साली न्यायमूर्ती रानडे जन्मास आले, त्र्यंबकेश्वरी १८७० साली दादासाहेब फाळके, आणि भगूरास १८८३ साली विनायकराव सावरकर. तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, जन्मले पुण्यास. परंतु ते आमचेच हे आम्ही नाशिककर इतक्या ठासून सांगतो की, कशावरचाही हक्क सहसा न सोडणारे पुणेकरदेखील याबाबतीत तक्रार करीत नाहीत.

यावरून एवढे दिसते की, एखाद्या गावाचे भूषण ठरण्यास त्या गावी जन्म व्हावाच लागतो असे नाही. प्रभु रामचंद्र तरी कोठे नाशिकचे? ते अयोध्येचे राजपुत्र. वनवासातील काही काळ पंचवटीस राहिले अशी आपली श्रद्धा आहे, आणि तेवढ्या वास्तव्याच्या बळावर हे शहर आज शतकानुशतके रामाचे म्हणून नांदत आहे. तेव्हा कोणाचा वारसा आपला म्हणावयाचा आणि कोणाचा परका ठरवावयाचा, हे गाव आपल्या मनाने ठरवीत असते. ते ठरविताना गावाचे मन कसे चालते, हेच आज आम्हांस आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे. आणि ते मांडण्यास दोन तारखा पुरेशा आहेत.

पहिली तारीख २७ फेब्रुवारी. १९१२ साली या दिवशी कुसुमाग्रजांचा जन्म झाला. त्यांस १९८७ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले, १९९९ च्या मार्चात नाशिक मुक्कामी त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांचा जन्मदिवस आता सर्व महाराष्ट्रात मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. नाशिकचा उत्साह त्या दिवशी काय वर्णावा! ग्रंथदिंड्या निघतात, शाळांतून मुले कविता म्हणतात, पेढ्यांच्या दारांवर मराठीचा जयघोष करणारे फलक लागतात, आणि ज्या सद्गृहस्थांचा ‘विशाखा’शी कधी परिचय झाला नाही तेही त्या दिवशी व्यासपीठावर शाल पांघरून बसलेले आढळतात. असो. हा दिवस सबंध गावाचा आहे आणि तो तसाच असावा.

दुसरी तारीख २ मार्च. पहिलीनंतर अवघ्या तीनचार दिवसांनी येणारी. १९३० साली या दिवशी डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांच्या आजोबा-आजींनी तो केला त्या वस्त्यांतून हा दिवस निष्ठेने आठवला जातो, अभिवादनाच्या सभा होतात. पण मेन रोडवरील दुकानदारास, सराफ बाजारातील पेढीवाल्यास, कोर्टाच्या आवारातील आमच्या वकील बंधूंस सहज विचारून पहावे की, आज काय आहे? दहांपैकी आठांस ठाऊक नसते, आणि उरलेले दोघे म्हणतात, “त्यांचा काहीतरी कार्यक्रम असतो.” या ‘त्यांचा’ शब्दासाठी आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

काय घडले ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण तपशील माहीत नसला की, असले प्रसंग नुसत्या घोषणांत विरून जातात. काळाराम मंदिर हे पेशवाईत सरदार रंगराव ओढेकर यांनी उभारलेले काळ्या पाषाणाचे भव्य देवालय. १९३० च्या मार्चाची २ तारीख रविवारी आली होती. सकाळी मुद्दाम उभारलेल्या मंडपात परिषद झाली, दुपारी पुन्हा सभा भरली, आणि मग सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. तिची लांबी जवळजवळ मैलभर होती असे वर्णन आहे. त्या काळच्या नाशिकच्या वस्तीच्या मानाने हा समुदाय केवढा होता, याचा विचार वाचकांनीच करावा. शेकडो स्त्रियाही तीत चालत होत्या. मिरवणूक मंदिरापाशी आली तो सर्व दरवाजे बंद, आणि बाहेर मॅजिस्ट्रेट व पोलीस. एवढा समुदाय, दार समोर बंद, आणि तरी दंगा नाही. मंडळी वळून गोदावरीच्या घाटावर गेली व तेथे सभा करून शांतपणे पांगली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांशी जाऊन बसली. सत्याग्रहाची घडी बसविणारे गृहस्थ म्हणजे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव कृष्णराव गायकवाड, ज्यांस पुढे सर्व देश दादासाहेब गायकवाड म्हणून ओळखू लागला. त्यांचे वय त्या वेळी पुरते अठ्ठावीसही नव्हते.

त्या वर्षी चैत्र शुद्ध एकादशी ९ एप्रिलला आली. रामनवमीच्या उत्सवातील रथ नाशिकास या कामदा एकादशीस निघतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. दोन्ही बाजूंच्या निवडक मंडळींनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. ती पाळली गेली असती तर १९३० सालीच नाशिकचा इतिहास निराळा झाला असता! परंतु ऐनवेळी रथ परस्पर पळविण्यात आला, दगडांचा वर्षाव झाला, डोकी फुटली, कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचे कडे फोडून पुढे गेला तो रक्तबंबाळ होऊन पडला. ज्या रथास आपण आजही भक्तीने हात लावतो, त्या रथाच्या दोरीवरून हे झाले. मंदिर पुढे जवळजवळ वर्षभर बंद राहिले. देवास कुलूप चालेल, पण माणसास दार उघडणे चालणार नाही, असा तो हिशेब होता.

आमच्या व्यापारी वाचकांनी यातील आणखी एक भाग विशेष ध्यानी घ्यावा. शहरात सत्याग्रह चालू असताना आसपासच्या खेड्यांतून त्याचा सूड उगविला गेला. अस्पृश्य म्हटलेल्या कुटुंबांस रस्ते बंद झाले, त्यांच्या मुलांस शाळा बंद झाल्या, आणि बाजारात रोख पैसा पुढे केला तरी त्यांस मीठमिरची मिळेनाशी झाली. रोकड घेऊन आलेले गिऱ्हाईक परत लावणे हे वाण्याच्या धर्मातच बसत नाही. तो तराजूपुढे जात पहात नाही अशी आपली ख्याती. त्या तराजूवर तेव्हा कोणी बोट ठेवले आणि ते कोणी ठेवू दिले? हा प्रश्न आम्ही कोणास दोष लावण्यासाठी विचारीत नाही. तराजू धरणारे हात आमच्याच आजोबापणजोबांचे होते, आणि दाराला अडसर लावण्याचा सल्ला देणाऱ्यांत आमच्या धंद्याची माणसे नसतील असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

सत्याग्रह एक दिवस, एक महिना चालला असे नव्हे. थांबत, उफाळत तो १९३५ पर्यंत चालला. या काळात १९३२ साली त्यात उतरलेल्यांत नाशिकचा एक वीस वर्षांचा तरुणही होता. जातीने सवर्ण, व्यवसायाने अद्याप काहीच नाही, आणि कविता नुकत्याच मासिकांतून येऊ लागलेल्या. त्याचे नाव विष्णु वामन शिरवाडकर.

म्हणजे ज्यांच्या नावाने आपण २७ फेब्रुवारीस ग्रंथदिंडी काढतो, ते २ मार्चच्या बाजूला उभे होते! त्यांची कविता आमची, त्यांची नाटके आमची, ‘नटसम्राट’ आमचे, ज्ञानपीठ आमचे. आणि विसाव्या वर्षी ते ज्या दाराशी गेले ते दार मात्र ‘त्यांचे’? एखाद्या थोर पुरुषाचा गोड भाग तेवढा उचलून कडू भाग दुसऱ्याच्या पानात वाढावा, असा हा प्रकार आहे. वारसाहक्काचा कायदा शिकलेल्या मनुष्यास विचारले तर तो सांगेल की, वडिलांची इस्टेट घ्यावयाची तर वडिलांच्या देण्याघेण्यांसकट घ्यावी लागते.

हाच प्रकार इतरांच्याही बाबतीत दिसतो. फाळक्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे व ते योग्यच आहे. जरी १९४४ साली हा पुरुष याच गावी हलाखीत वारला तेव्हा गावास त्याची फारशी चाड नव्हती. त्यांनी १९१३ साली जो पहिला चित्रपट काढला तो राजा हरिश्चंद्राचा. सत्यासाठी राज्य सोडून चांडाळाच्या घरी चाकरी करणारा हा राजा पडद्यावर पाहून लोक गहिवरले, त्यांनी हात जोडले. आणि सतरा वर्षांनी त्याच चांडाळाचे वंशज म्हणून हिणविलेले लोक मंदिराशी आले तेव्हा दरवाजे लावून घेतले. सावरकरांचे भगूर नाशिकपासून हाकेच्या अंतरावर. परंतु १९३१ साली रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुले झाले, तेव्हा नाशिकचा दरवाजा बंदच होता. घरच्या दिव्याने दुसऱ्याचे अंगण उजळावे आणि घरात काळोख असावा, तसे हे झाले.

आम्ही राष्ट्रीय वृत्तीचे म्हणवितो, म्हणून येथे एक कबुली देणे आम्हांस भाग आहे. काळारामाचा सत्याग्रह सुरू झाल्यापासून बरोबर दहा दिवसांनी, १२ मार्च १९३० रोजी, महात्माजी साबरमतीहून दांडीस निघाले. त्या यात्रेचे पाऊल न्‌ पाऊल देशाने मोजले. तिची चित्रे पाठ्यपुस्तकांत आली, मिठाचा तो चिमूटभर खडा इतिहासात अमर झाला. नाशिकचा सत्याग्रहही तितकाच निःशस्त्र, तितकाच शिस्तीचा; फरक इतकाच की, तेथे समोर परका सरकारी अंमलदार होता आणि येथे अंमलदाराच्या पाठीशी आपणच होतो. परक्याशी असहकार करताना ज्यांची छाती फुगली, त्यांस घरच्या माणसाने केलेला सत्याग्रह हा ‘फूट पाडणारा’ वाटला. आपला राष्ट्रवाद तेव्हा या एका परीक्षेस बसला आणि तीत नापास झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९०९ च्या डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या हौतात्म्याचे स्मरण आपण करतो. रंगभूमीवर त्या रात्री ‘शारदा’ होते, म्हणजे बालाजरठ विवाहाविरुद्धचे देवलांचे नाटक. स्वातंत्र्य आणि सुधारणा ही दोन्ही एका छपराखाली त्या रात्री हजर होती. आपण एकीचेच स्मरण ठेविले.

आता आमच्या म्हणण्यावर येणारे आक्षेप. पहिला हा की, जुनी खपली कशाला काढावयाची? ज्याच्या अंगावर जखम झाली त्याने खपलीची काळजी करावी; ज्याच्या हातात दगड होता त्याने ती करू नये. याहून अधिक उत्तर या आक्षेपास देण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तो असा की, त्या काळची वहिवाटच तशी होती. पूर्वजांनी वहिवाट राखली, त्यात त्यांचा अपराध काय? वहिवाट हा शब्द उच्चारला की पुष्कळांस वाटते, आता वाद संपला. त्यांनी महाडचा खटला वाचावा. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावरून सवर्णांनी डॉक्टर आंबेडकर प्रभृतींवर दावा लावला, की अस्पृश्यांस त्या तळ्यावर न येऊ देण्याची वहिवाट अनादि आहे. दहा वर्षे खटला चालून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, अशी अनादि वहिवाट वादींस शाबीत करता आली नाही. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादेस महात्माजींस सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच हे गृहस्थ. ज्यास आपण सनातन म्हणून छातीशी धरतो, ते पुराव्याच्या कसोटीस लावले की कसे उतरते, याचा हा नमुना आहे. आमचा वकिलीतील अनुभवही हाच, की ‘फार पूर्वीपासून’ असे साक्षीदार जितक्या मोठ्याने सांगतो, तितकी उलटतपासणीत ती पूर्वीची मर्यादा जवळ सरकत येते.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे, आणि तो आम्ही सज्जनांच्याही तोंडून ऐकला आहे. ते म्हणतात, हा सत्याग्रह फसला. दार उघडले नाही. डॉक्टरांनी स्वतःच तो सोडून दिला. मग फसलेल्या गोष्टीचा गावाने उत्सव तो काय करावा? यातील वस्तुस्थिती खरी आहे. १९३४ च्या मार्चात डॉक्टरांनी भाऊरावांस पत्र लिहून आपला आशय कळविला होता, की आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून हा लढा आपण मांडला नव्हता. त्यांस आपल्या स्थितीची जाणीव व्हावी व त्यांच्यात चैतन्य यावे यासाठी तो होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, पैठणीच्या येवल्यास, त्यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्म घेणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून आपण मरणार नाही. एकवीस वर्षांनी नागपुरास त्यांनी तो शब्द खरा केला. म्हणजे बंद राहिलेल्या त्या दरवाजाशी पाच वर्षे थांबून एक सबंध समाज पाठ फिरवून निघून गेला. हे दार न उघडण्याची किंमत कोणी दिली, याचा विचार ज्याने त्याने करावा. देशाच्या इतिहासास येथून वळण मिळाले. आणि ज्या गावातून ते मिळाले त्या गावास त्याची आठवण नको, असे जगात क्वचितच कोठे घडत असेल.

दार पुढे उघडले. मुंबई सरकारने १९४७ साली हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली, आणि ते संविधान घडविणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते, ज्यांस वीस वर्षांपूर्वी या दारातून परत जावे लागले. परंतु दार कायद्याने उघडले, नाशिककराने उघडले नाही, ही गोष्ट आम्हांस बोचते. कायद्याच्या अन्नावर आमचे पोट चालते, म्हणून त्याची धाव कोठवर आहे हेही आम्हांस ठाऊक आहे. कायदा अडसर काढतो; आत आलेल्यास ‘या’ म्हणावयाचे काम त्यास करता येत नाही. एवढे मात्र नाशिकच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे होईल की, १९५७ च्या निवडणुकीत याच नाशिकने दादासाहेब गायकवाडांस लोकसभेवर पाठविले. मतपेटीपाशी ‘आमचा’ म्हणणे जमले. दोन मार्चास जमत नाही.

आमची सूचना साधी आहे, आणि तिला फारसा खर्चही नाही. २७ फेब्रुवारीपासून २ मार्चपर्यंतचे दिवस नाशिकने सलग एकच उत्सव मानावा. पहिल्या दिवशी भाषेची दिंडी, शेवटच्या दिवशी १९३० सालच्या त्या मिरवणुकीची आठवण म्हणून शहराची पदयात्रा. ती काळारामाशी जावी आणि त्या दिवसाप्रमाणेच गोदावरीच्या घाटावर तिची सांगता व्हावी. तीत महानगरपालिकेने असावे, व्यापारी संघांनी असावे, वकील मंडळींनी असावे, शाळांनी मुले आणावीत. आणि मंदिराच्या व्यवस्थापकांनी त्यांच्या स्वागतास दारात उभे रहावे. आजवर हा दिवस ज्यांनी एकट्यांनी जपला त्यांच्या हातून तो काढून घेण्याचा हेतू यात मुळीच नाही. पुढे तेच चालतील. आपण मागून चालावयाचे आहे. नव्वद वर्षे उशिरा येणाऱ्याने पुढची जागा मागू नये, एवढा शिष्टाचार नाशिककरांस शिकवावा लागेल असे वाटत नाही.

सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, त्यासाठी सरकार रस्ते रुंद करते, घाट बांधते, आणि लाखो यात्रेकरू पंचवटीस येऊन जातात. त्यांस सीतागुंफा दाखविणारा वाटाड्या काळारामाच्या दाराशी दोन मिनिटे थांबून हीही हकीकत सांगू लागला, तर रामाचे माहात्म्य कमी होईल अशी भीती ज्यास वाटते, त्याची रामावरील श्रद्धा आमच्याहून दुबळी म्हणावी लागेल.

आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. २ मार्च २०३० रोजी, तो शनिवार आहे, या सत्याग्रहास शंभर वर्षे पुरी होतील. प्रत्यक्ष त्यात बसलेले आता कोणी भेटणार नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली मुले व नातवंडे आहेत, तीही म्हातारी होत चालली. निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला या तालुक्यांतील कोणत्या गावची कोणती माणसे त्या चार दरवाजांशी बसली, कोण तुरुंगात गेले, कोणाचे दुकानातील उधारीचे खाते बंद झाले, हे गावोगाव विचारून लिहून घेतले पाहिजे. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्या गावी आहे; त्या कागदांस त्याहून योग्य कपाट मिळणार नाही.

व्यापारी बंधूंस आमची वेगळी विनंती आहे. जुन्या पेढ्यांच्या माळ्यांवर पणजोबांच्या चोपड्यांची गाठोडी अद्याप असतात, हे आम्ही पाहिले आहे. १९३० ते १९३५ या सालांच्या चोपड्या, त्या वेळची हस्तपत्रके, सभांच्या जाहिराती, पत्रव्यवहार, जे काही वाळवीच्या तोंडून वाचले असेल ते खाली काढावे. त्यात आपल्या घराण्यास न शोभणारे काही निघाले तरी ते फाडू नये. आमच्या कचेरीत आणून दाखविल्यास त्याची नक्कल करून घेऊन मूळ कागद ज्याचा त्यास परत केला जाईल, आणि नाव प्रसिद्ध न करण्याची इच्छा असल्यास ती पाळली जाईल.